अक्काच्या उत्पन्नाचा दाखला

लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हा शहरात घरं कमी आणि साहेब जास्त अशी गत झाली होती. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या खात्याचं ऑफिस उघडायचं. कुणाच्या तरी गोदामात टेबलं लागायची, दारावर ओल्या रंगाची पाटी यायची आणि त्या टेबलांमागे बसणारी आम्ही माणसं हातात वळकट्या घेऊन खोल्या शोधत फिरायचो. ज्यांनी कालपर्यंत मागच्या खोलीत कडबा ठेवला होता त्यांनी कडबा काढून चुना फिरवला. कडबा तसाही राहिला नव्हता म्हणा. पावसानं लागोपाठ दगा दिलेला. चांगल्या फरशीच्या घरापेक्षा अंगणात हापसा असलेल्या घराला जास्त भाव होता.

घरमालक पहिला प्रश्न विचारायचे, "कायम का टेंपरवारी?" कायम म्हटलं की चेहरा सैल व्हायचा. दुसरा प्रश्न, "कुठले तुम्ही?" हा प्रश्न गावाबद्दल नसतो हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असायचं आणि सांगणाऱ्यालाही.

मी कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो होतो, कायम. आम्ही चौघांनी मिळून दोन खोल्या घेतल्या होत्या. एकजण नांदेडकडचा, हदगावचा. एक उदगीरचा, एक औशाकडचा आणि मी. घर हदगाववाल्यानं ठरवलं होतं, बोलायला तो पुढं असायचा. त्यामुळे मी बौद्ध आहे का आणखी कोण, हे सांगायची वेळ माझ्यावर आलीच नाही. माझं असंच असतं. कुणीतरी पुढं होतं आणि मी मागून आत शिरतो.

खायचे मात्र हाल होते. खाणावळीतल्या चपात्या तेलानं निथळलेल्या. आम्हा चौघांनाही भाकरी पाहिजे होती. म्हणून मी अक्काला विचारलं.

अक्का माझी थोरली बहीण. दाजी लवकर गेले. पदरी एक मुलगी. दुष्काळानं शेतातली मजुरी बंद पडली तेव्हा ती खडी फोडायला गेली. माझं शिक्षण त्याआधीच्या एका दुष्काळात तिनं फोडलेल्या खडीवर झालं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगत नसे आणि तीही सांगत नसे. तिची मुलगी दहावीला तालुक्यात वर आली. अक्का तिला घेऊन लातूरला आली आणि रेल्वेच्या रुळांपलीकडे एका लांबच्या मावशीच्या खोलीत राहिली. त्या एका खोलीत आधीच इतकी माणसं होती की पोरगी पुस्तक घेऊन बाहेर, वाटेवरच्या खांबाखाली बसायची.

आमच्या घरामागच्या अंगणात अक्कानं भाकरी सुरू केली. जळणाला तुराट्या मिळेनात तेव्हा तिनं सॉ-मिलमधून लाकडाचा भुसा आणला, एका पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरून तो ठासून भरला, बाटली अलगद काढली आणि शेगडी पेटवली. धूर नाही, आच सारखी. बघता बघता आमच्याच ऑफिसातले, मग शेजारच्या खात्यातले, असे एकेकटे राहणारे सगळे पिठाचे डबे घेऊन यायला लागले. पीठ ज्याचं त्याचं, कष्ट अक्काचे. कारण प्रत्येकाला आपल्या गावची ज्वारी पाहिजे असायची. हदगाववाला म्हणायचा, "रेशनच्या ज्वारीनं माझ्या पोटात रजेचा अर्ज पडतो." कोणती भाकरी कुणाची हे ओळखायला तिनं खुणा ठेवल्या होत्या. एकाच्या भाकरीच्या काठाला एक बोट दाबलेलं, दुसऱ्याच्या दोन बोटं, तिसऱ्याच्या काठाला चिमटा. उदगीरवाल्याची बिनखुणेची, कारण तो म्हणायचा, "अक्का, माझी आपली मोकळीच राहू द्या, बिनलग्नाची."

"तुझी बायको येईल तवा चांगली पाच बोटं उमटतील," अक्का म्हणायची, आणि थापणं चालूच.

तिच्या भाकरीकडे मी तासन् तास बघत बसलो असतो. काटवटीत गोळा मळताना तळहाताच्या टाचेनं ती पीठ असं रेटायची की काटवट पुढं सरकायची, मग गुडघ्यानं ती तिला मागे आणायची. दोन्ही हात, एक गुडघा आणि तोंड, सगळं एकाच वेळी कामाला. पण त्यातलं कुठलंच घाईत नसायचं.

त्या उन्हाळ्यात तिला स्वतःची खोली पाहिजे होती. सुट्टी संपून कॉलेज उघडायच्या आत. गावाकडे पोरीच्या चुलत्यानं एक स्थळ बघून ठेवलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं, लोकांच्या खोलीत कुठवर राहणार, शिकवायचं असेल तर घर करून दाखव, नाहीतर पोरगी इकडं पाठव. म्हणजे खोली मिळाली तर कॉलेज, नाही मिळाली तर लग्न.

आमच्याच गल्लीत चार घरं सोडून एक वयस्कर गृहस्थ राहायचे. अडतीवर मुनीम म्हणून आयुष्य घालवलेले. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. त्यांच्याकडे अंगणालगत एक खोली रिकामी होती, आणि अंगणात हापसा. अक्कानं मला विचारलं, "येतोस का संगं?"

"ऑफिस आहे," मी म्हणालो. ऑफिस होतंच. पण अर्ध्या तासासाठी जाता आलं असतं.

ती एकटी गेली. संध्याकाळी परत येऊन शेगडीपुढं बसत तिनं सगळं सांगितलं.

"म्हनले, भाडं दर म्हयन्याला देशाल हे कशावरून? उत्पन्नाचा कायतरी पुरावा आना."

"मग?"

"मग काय, हाय की माझ्याकडं!"

ती दुसऱ्या दिवशी पुरावा घेऊन गेली. आता हे समजायला आमच्या भागातल्या माणसाचं डोकं पाहिजे. आमच्याकडे उत्पन्नाचा दाखला म्हणजे एकच, तलाठ्याकडून लिहून आणि तहसीलमधून शिक्का मारून आणलेला. तो लागतो फी-माफीला. त्यामुळे त्यावरचा आकडा जितका खाली तितका दाखला चांगला. तलाठ्याकडे लोक त्यासाठीच विनवण्या करतात, "आणखी थोडं कमी बसवा की." अक्कानं पोरीच्या कॉलेजसाठी असाच एक दाखला नुकताच काढून आणला होता. अख्ख्या तालुक्यात त्याच्याखालचा आकडा नसेल. तो तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून मोठ्या ऐटीनं अण्णांच्या हातात दिला.

"वाचले अन् हसायलाच लागले," अक्का सांगत होती. "काकूला बलावलं आतून. म्हनले, हे बघ, ही बाई म्हनते मला भाडं देते, आन् सरकार म्हनतंय हिला खायला न्हाई."

आम्ही चौघं इतके हसलो की औशावाल्याला ठसका लागला. अक्काही हसली. मग हसता हसताच म्हणाली, "माझं चुकलंच. पर मला वाटलं, शिक्का मोठा हाय, सही हाय. इतका चांगला कागद माझ्याकडं दुसरा न्हवता."

हदगाववाला म्हणाला, "अक्का, दुसरा काढू. जास्त उत्पन्नाचा. तलाठी ओळखीचा आहे."

"आन् पोरीची फी? एका बाईची दोन उत्पन्नं कशी आसतील, बाबा?" तिनं तवा पुसला. "घर घ्यायला श्रीमंत आन् शिकायला गरीब. कुनी इचारलं तर मी कोनती बाई म्हनू?"

मग ती माझ्याकडे वळली. "अण्णा म्हनले, नोकरीवाला कुनी मागं हुबा राहिला तर चालंल. पगाराचा कागद लागतो म्हनं. तुझ्या हापिसातून निघंल का?"

इथं मी थांबतो, कारण इतकी वर्षं मी इथंच थांबलेलो आहे.

तेव्हा माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं. नांदेडहून मुलीकडचे बघायला येणार होते. मनात हिशेब असा चालला होता की एकदा मी जामीन म्हणून सही केली की भाडं तुंबलं तर माझ्याकडे येणार, मग दिवा-बत्ती, मग भाचीचं पुढचं. मुलीकडच्यांना कळलं की याच्या पगारात बहिणीचं बिऱ्हाड आधीच बसलेलं आहे, तर? कुणी मला असं म्हटलं नव्हतं. अक्कानं तर कधी काही मागितलं नव्हतं. मीच सगळं धरून चाललो होतो.

"आमच्याकडे असे दाखले देत नाहीत," मी म्हणालो. "नवीन जिल्हा आहे ना. सर्व्हिस बुकं अजून जुन्या जिल्ह्यात आहेत. ती आल्याशिवाय काही निघत नाही."

सर्व्हिस बुकं खरंच आली नव्हती. म्हणजे खोट्याला आधारही बरा मिळाला होता. अक्का म्हणाली, "आसं का," आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली.

दोन-तीन दिवसांनी हदगाववाला नवी कोरी सायकल घेऊन अंगणात आला. घंटी वाजवून वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं. "अक्का, बघा! कर्जावर. बँकेला पगाराचा दाखला दिला, झालं! सकाळी अर्ज केला, दुपारी साहेबानं सही करून दिली."

तो आणि मी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो.

मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा होतो. अक्का भाकरी थापत होती. तिच्या हाताची थाप चुकली नाही, वेग कमी झाला नाही. ती सायकलकडे बघून म्हणाली, "लई चांगली हाय. मागं कॅरेजला दोरी बांध, डबा पडंल न्हाई तर." माझ्याकडे तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीतरी वेळा वाटलं.

तिसऱ्यांदा ती अण्णांकडे गेली ती रिकाम्या हातानं. काय बोलली ते नंतर अण्णांच्याच तोंडून कळलं. तिनं त्यांना सांगितलं, "कागद काय मला जमत न्हाई. तुम्ही असं करा, सांच्याला येऊन बसा माझ्यापाशी. मी काय करते, कोन येतंय, कोन काय देतंय, डोळ्यांनी बघा. काकूलाबी आना."

आणि अण्णा खरंच आले. अडतीवरचा माणूस. धान्याच्या ढिगात हात घालून बघितल्याशिवाय बोली न लावणारा. काकू मागे, पदर सावरत. आम्ही लगबगीनं खुर्ची आणली. अण्णा खुर्चीवर बसले नाहीत, ओट्यावर टेकले, तिथून शेगडी नीट दिसत होती.

संध्याकाळची वर्दळ सुरू झाली. एकेकजण यायचा, आपल्या खुणेच्या भाकरी फडक्यात बांधून घ्यायचा, उद्याचं पीठ ठेवायचा. कुणी हातावर नोटा ठेवायचा, कुणी म्हणायचा उद्या, आणि अक्का मान हलवायची. अण्णा काही वेळ नुसते बघत राहिले. मग आपल्या धंद्याच्या सवयीनं उलटतपासणी सुरू केली.

"का हो," त्यांनी उदगीरवाल्याला धरलं, "तुमचे पगार होतात का वेळेवर?"

"यंदा? अण्णा, आमचा पगार म्हणजे पावसासारखा झालाय. येणार येणार म्हणतात."

"मग या बाईला काय देता?"

"हिला आधी देतो. नसले तर उसने काढून देतो."

"का बरं? बाई आहे म्हणून दया का?"

"दया कसली! हिनं एक दिवस तवा पालथा घातला तर अर्धा जिल्हा उपाशी बसेल. कलेक्टर साहेबांना हे माहीत नाही, नाहीतर हिच्या दारावर पोलीस ठेवला असता."

सगळे हसले. काकूही पदराआड हसल्या. हदगाववाला पुढं सरकला. "अण्णा, खरं सांगू का? आमच्याजवळ कागद आहेत, पैसे नाहीत. अक्काचं उलटं आहे."

अण्णांनी मान डोलावली. त्यांचं समाधान झालेलं दिसत होतं, पण ते उठत नव्हते. काहीतरी राहिलं होतं. काकूंनी इकडं तिकडं बघून हळूच विचारलं, "गावाकडं कोणापैकी म्हणायचं तुम्ही?"

उदगीरवाला आपल्या डब्याचं झाकण लावायला लागला. मी खाली बघितलं.

अक्कानं पिठाचे हात एकमेकांवर झाडले. "आमी बौद्ध, काकू. हे पैल्या दिशीच इचारलं आसतं तर तुमाला कागद बघायची तकलीफ झाली नसती आन् मला तीन हेलपाटे."

आवाज चढलेला नव्हता. राग नव्हता. जशी ती आम्हाला पीठ संपल्याचं सांगायची तसंच सांगितलं. अण्णा खाकरले, त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"तसं नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे हापसा एकच आहे. सगळी गल्ली येते त्यावर. पाण्याचे दिवस कसे आहेत, बघता तुम्ही. उद्या कुणी काही बोललं तर..."

"बारीला हुबी राहीन," अक्का म्हणाली. "सगळ्यांसारखी. माझा नंबर आला की माझी घागर. कुनाच्या मधी घुसनार न्हाई, आन् कुनाला माझ्या मधी घुसू देनार न्हाई. जमत आसंल तर हो म्हना. न्हाई तर आताच न्हाई म्हना, अण्णा, सामान आनल्यावर नको. पोरीचं कॉलेज उघडतंय."

इतकी माणसं बसलेली असताना, कुणाच्या आधाराशिवाय, जमिनीवर बसून ती वर बघून बोलत होती, आणि तरी आमच्यापैकी कुणीच तिच्याइतकं उंच नव्हतं. मला आज पन्नाशी उलटल्यावरही असं कुणापुढं बोलता येत नाही.

अण्णांनी काकूंकडे बघितलं. काकू बराच वेळ शेगडीकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तिकडंही ह्या भुशावरच करणार का चूल मांडणार? मला दमा आहे बाई. धूर चालायचा नाही."

"भुशावरच, काकू. शिकवते तुमालाबी."

खोली मिळाली होती. हदगाववाल्यानं सायकलची घंटी वाजवली.

अण्णा उठताना माझ्यासमोर थांबले. "तुम्ही तर सख्खे भाऊ. सरकारी, कायम. तुमचा पगाराचा कागद आणला असता तर एवढा तमाशा लागलाच नसता की हो. का नाही आणला?"

हदगाववाला माझ्या शेजारीच उभा होता. सायकलीवरचा हात त्यानं काढून घेतला.

"त्याचं हापिस देत न्हाई, अण्णा," अक्का शेगडीपाशी बसूनच म्हणाली. "नवीन जिल्हा हाय ना. बुकं आली न्हाईत आजून."

माझंच वाक्य. शब्दही जवळजवळ माझेच. तिला ते खोटं आहे हे माहीत होतं, हदगाववाल्याला माहीत होतं, मला माहीत होतं. आणि चार माणसांत तिनं ते स्वतःच्या तोंडून म्हटलं, म्हणजे पुढं कुणी ते माझं म्हणू नये. अण्णा "असं होय" म्हणून गेले. हदगाववाल्यानं त्या संध्याकाळी दाखल्याचा विषय माझ्याकडे काढला नाही, पुढंही कधी नाही. चांगला माणूस होता.

अक्का त्या खोलीत बरीच वर्षं राहिली. हापशाच्या बारीत सुरुवातीला दोघीतिघींनी घागरी बाजूला ओढल्या, ती आपल्या जागेवरून हलली नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच बायका तिला बारी राखायला सांगून घरी जायला लागल्या. भाचीनं कॉलेज केलं, पुढं डी.एड. केलं. चुलत्यानं बघितलेलं स्थळ कधीच दुसरीकडे गेलं. आता ती उदगीरला शाळेत शिकवते आणि अक्का तिच्याकडेच असते. माझं लग्न नांदेडच्या त्याच घरात झालं. त्यांनी बहिणीबद्दल एक शब्द विचारला नाही. मी ज्याला घाबरलो होतो ते कुठं नव्हतंच.

मागच्या उन्हाळ्यात मी उदगीरला गेलो होतो. दुपारची वेळ, भाची शाळेत. अक्का आता भाकरी करत नाही, मनगटं दुखतात. ती खाटेवर पडली होती आणि मी पायथ्याशी बसलो होतो. कशावरून निघालं आठवत नाही, पण मी बोलून टाकलं. म्हणालो, "अक्का, तेव्हा ऑफिस दाखला देत होतं. मी खोटं बोललो होतो."

"मला म्हाईत हाय की."

"ते मला माहीत आहे. पण मी सांगितलं नव्हतं."

ती कुशीवर वळली. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. तसं म्हणाली असती तर मी सुटलो असतो, आणि कदाचित त्यासाठीच मी ते काढलं होतं.

"कागदाचं मला काय वाटलं न्हाई," ती म्हणाली. "तुझा संसार व्हायचा होता, भ्या वाटलं आसंल. पर त्या पैल्या दिशी मी तुला म्हनलं व्हतं ना, येतोस का संगं म्हनून. तवा यायला पाहिजे व्हतास. अण्णाच्या दारात मी लई येळ हुबी व्हते, रे. आत ये म्हनायला कुनी न्हवतं."

बाहेर भाचीची स्कूटी लागल्याचा आवाज आला. अक्का उठून बसायला लागली, तेव्हा मी तिचा दंड धरला, आणि तिनं तो धरू दिला.